तो धक्का दस्तगीर नालबंदाचा

दस्तगीर गेल्याचं मला कचेरीच्या पायरीवर कळलं, तेही तीन दिवसांनी. दुपारी पान खायला बाहेर पडलो होतो, तर घाटाखालून परतलेला एक ओळखीचा गाडीवान पटका काखेत मारून उभा. म्हणाला, "अण्णा, नालबंद गेलं. तापानं. सोमवारीच माती दिली. तुमास्नी कुणी सांगितलं न्हाय व्हय?" कुणी सांगितलं नव्हतं, आणि का सांगितलं नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तसाच आत गेलो आणि संध्याकाळपर्यंत कागदांच्या नकला उतरवत बसलो... त्याच आठवड्यात ह्याच वर्तमानपत्राच्या पुरवणीत एक मजकूर आला. कोकणातल्या एका बंदरात तिथल्या दानशूर शेटजींनी स्वखर्चाने दगडी धक्का बांधून घाटावरच्या व्यापाराला जीवदान दिलं, म्हणून त्यांचा सत्कार झाला, हारतुरे झाले, आपल्या कोल्हापूरचे दोन प्रतिष्ठित व्यापारीही गौरवपर बोलले. वाचताना घासात केस आल्यासारखं झालं. तो धक्का शेटजींनी बांधला नाही. तो कसा झाला हे ज्यांना नीट माहीत आहे त्यांत मी एक आहे, आणि त्यांतला लिहिता येणारा मी एकटाच. संपादकांनी जागा दिली म्हणून महिन्याभराने लिहितो आहे. बंदराचं आणि शेटजींचं नाव घालू नका, असं त्यांनी बजावलंय. तेवढी पळवाट माझ्याही पदरात पडली.

दस्तगीर आणि मी रंकाळ्याच्या अंगाला एकाच बोळात वाढलो. त्याचा बाप नालबंद, माझे वडील शाळामास्तर. ईदेला त्यांच्याकडून शिरखुर्म्याचं साहित्य कोरडंच यायचं, कारण आमच्याकडे शिजवलेलं चालत नसे, आणि माझी आई ते शिजवून आम्हा दोघांना एकाच ताटलीत द्यायची. महाराजांना राज्याचे अधिकार मिळाले त्या वर्षी मी दप्तरात उमेदवार म्हणून चिकटलो. अक्षर चांगलं, एवढंच माझं भांडवल. दस्तगीरनं बापाचा हातोडा उचलला. त्याच्या अंगणात सकाळपासून गाड्या सोडलेल्या असत. बैल पाडायचा, पाय बांधायचे, खूर तासून सपाट करायचा आणि खुराच्या दोन्ही फाकांना एकेक लोखंडी पत्री ठोकायची. एका बैलाला आठ पत्र्या. खिळा मांसाला लागला तर बैल महिनाभर लंगडा, आणि दस्तगीरच्या हातून लंगडा झालेला बैल मी ऐकला नाही. उंचीनं बेताचा, खांदे मात्र दारासारखे रुंद. आवाज असा की बोळाच्या ह्या टोकाला बोलला तर त्या टोकाची म्हातारी ओ देई.

समुद्र त्यानं तोवर पाहिला नव्हता. तरी बंदराचं तो जेवढं बोले तेवढं आमच्या व्यापारी पेठेतही कुणी बोलत नसे. मी नोकरीला लागल्यावर एकदा त्याच्या अंगणात बसून म्हणालो होतो, की आपलं संस्थान कुठं, दर्या कुठं, आपल्याला बंदराशी काय करायचंय. त्यानं हातातली पत्री माझ्यापुढं धरली. "ह्ये लोखंड कुठनं आलं? बंदरातनं. बैल कुठं निघालाय? बंदराला. पाठीमागं गाडीत काय हाय? गूळ. आन् येताना काय आणणार? मीठ, सुकट, नारळ, तुमच्या कचेरीवरची मंगळूरी कौलं. ह्या गल्लीत चाकं करणारा सुतार हाय, तरटं शिवणाऱ्या बाया हायत, तिकडं कोडोलीत ऊस लावणारा हाय. समद्यांच्या चुली त्या खाडीवर पेटत्यात की, अण्णा. तुला पगार मिळतोय तो जकातीतनंच न्हवं?" मला तेव्हा गंमत वाटली. पुढं मी दप्तरात जकातीची कागदपत्रं हाताळायला लागलो तेव्हा कळलं, की हा निरक्षर माणूस जे बैलाच्या खुरावरून वाचत होता तेच आमच्याकडे बस्त्यांत बांधून ठेवलेलं होतं, आणि ते कुणी सोडून बघत नव्हतं.

प्लेगाची वाईट वर्षं सरली तरी घाटाच्या वाटेवरच्या गाड्या पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. मिरजेवरून रेल्वे आली होती, आणि व्यापारी म्हणत की आता कोकणातली बंदरं मेलीच समजा. पेठेतल्या बड्या वखारींना त्यात दुःख नव्हतं. रेल्वेचे डबे त्यांच्या हातात, तेव्हा गूळवाल्यानं माल आणून टाकायचा तो त्यांच्याच दारात. पश्चिमेकडच्या डोंगरी गावांना मात्र उलटी वाट करून शहरात यावं लागे, आणि मग मिळेल तो भाव. ह्या गोष्टीची चौकशी करायला तिघांची एक कमिटी नेमली गेली. एक निवृत्त मामलेदार, एक बांधकामाकडचे साहेब, एक वखारवाले. फोंड्याचा घाट उतरून बंदर पाहायचं आणि संस्थाननं त्या रस्त्यावर खर्च करावा की नाही ते सांगायचं. लिहायला मी. आणि घाटात बैलांच्या पत्र्या निसटतात म्हणून बरोबर एक नालबंद. मीच दस्तगीरचं नाव सुचवलं. त्याला समुद्र दिसेल, एवढंच माझ्या मनात होतं.

बंदर दिसण्याआधी त्याचा वास आला. ओहोटीची वेळ होती. खाडीचं पाणी लांब मागं गेलेलं, आणि काठापासून पाण्यापर्यंत काळा, चमकणारा चिखल. त्यात कुजके मासे, नारळाची सोडणं, फुटून विरघळलेल्या गुळाच्या ढेपांची काकवी, आणि सगळ्यावर माश्यांचं पांघरूण. खाडीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं गाळ साठलेला. बंदर इंग्रज सरकारच्या हद्दीत, माल आमच्या संस्थानचा, म्हणून तो गाळ कुणाचाच नव्हता. मोठी गलबतं लांब उभी राहत. मधल्या पाण्यातून माल न्यायला छोटे पडाव लागत, आणि ते सगळे पडाव एकट्या शेटजींचे. गाडीपासून पडावापर्यंत ढेपा डोक्यावर वाहायच्या त्या बायकांनी. कमरेपर्यंत चिखल. एक पाय उपसायचा, दुसरा रोवायचा. कमिटीचे तिघे नाकाला रुमाल लावून काठावर उभे राहिले. शेटजींच्या माणसानं आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. आमच्यासमोरच एक बाई ढेपेसकट आडवी गेली आणि दिसेनाशी झाली. मुकादम ओरडला तो ढेपेसाठी. मी काय केलं ते सांगतो. मी मामलेदारसाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावर काय भाव आहे ते बघायला.

दस्तगीर तोवर चिखलात शिरला होता. बैल पाडायची ती ताकद त्या दिवशी कामी आली. त्यानं बाईला काखेत धरून वर ओढलं तेव्हा तिच्या तोंडात, नाकात, डोळ्यांत चिखल. भागी तिचं नाव, हे नंतर कळलं. खोकून खोकून श्वास आल्यावर ती पहिलं बोलली ते हे: "ढेप खंय गेली? ती बघा आधी." ढेप गेली तर आठवड्याची मजुरी जाते, असं दुसऱ्या बाईनं सांगितलं. दस्तगीर काठावर बसून राहिला. हातपायही धुवेना. मी जवळ गेलो तर म्हणाला, "अण्णा, आपण गूळ खातो तो ह्यो."

रात्री शेटजींकडे पंगत होती. केळीची पानं, पुरणपोळी, तूप. नालबंदाला बाहेर पडवीत वाढलं होतं, त्यानं पानाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी कमिटीनं लोकांचं म्हणणं विचारलं तेव्हा तो आपणहून पुढं झाला आणि त्या दणदणीत आवाजात म्हणाला, की हे बंदर रेल्वेनं मारलेलं नाही. काठापासून पाण्यापर्यंत दगडाची वाट केली, तर बायका कोरड्या पायांनी माल नेतील, पडाव ओहोटीलाही भरतील, आणि गाड्या एका दिवसात मोकळ्या होतील. आज त्या तीन-तीन दिवस तिष्ठतात, म्हणून गाडीवान यायला नको म्हणतो. शेटजी हसले. चिखल होता म्हणून तर त्यांचे पडाव होते. मामलेदारसाहेब म्हणाले, "नालबंदानं बैलाचं बघावं." वखारवाल्यांना तर हे ऐकायचंच नव्हतं. मी दस्तगीरचं म्हणणं शब्दशः टिपून घेतलं होतं. कोल्हापुरात आल्यावर पक्की प्रत करताना मला ते पान गाळायला सांगितलं. मी गाळलं. त्याऐवजी एक वाक्य घालायला सांगितलं: बंदरावरील माल चढवण्या-उतरवण्याची संपूर्ण व्यवस्था तेथील अडत्यांकडे असून ती समाधानकारक आहे. माझ्या अक्षराची साहेबांनी तारीफ केली. त्या अक्षराची मला आता शिसारी येते.

दस्तगीरनं एकदाच विचारलं, "माझं लिवलंस न्हवं त्यात?" मी हो म्हणालो.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही, गाडीवानांकडून ऐकलेलं आहे, आणि त्यांनी ते मला वेगवेगळ्या वेळी सारखंच सांगितलं. घाट उतरताना प्रत्येक गाडीवान चाकाला अटकण म्हणून लावायला एक चांगला जड दगड जवळ ठेवतो. घाट संपला की तो दगड टाकून देतात. दस्तगीरकडे पत्र्या मारायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला, की दगड घाटाखाली टाकू नका, तसाच गाडीत राहू द्या आणि बंदरावर चिखलात टाका. परत चढताना लागला तर पायथ्याला दुसरा मिळतो. गाडीवान हसले. तो म्हणाला, जो टाकेल त्याच्या बैलाची निसटलेली पत्री मी फुकट मारीन. काहींनी पत्रीसाठी टाकला, काहींनी भागीची गोष्ट ऐकून टाकला, काहींनी नालबंदाची बडबड थांबावी म्हणून टाकला. सुगीचे दिवस संपले की तो स्वतः एखाद्या गाडीबरोबर खाली जायचा आणि ओहोटीला बायकांना घेऊन दगड नीट बसवायचा, मोठे खाली, चपटे वर. पहिल्या वर्षी पावसाळ्यानं अर्धे गिळले. दुसऱ्या वर्षी कमी गिळले. किती हंगाम लागले ते मी मोजलं नाही. मी त्या काळात बढतीच्या मागे होतो.

पण एक दिवस मी त्याच्या बोळात गेलो तर गल्लीच्या तोंडापर्यंत गाड्या उभ्या. बंद पडलेलं सुताराचं दुकान उघडलेलं, चाकांच्या लोखंडी धावा तापवायला भट्टी पेटलेली. तरटं शिवणाऱ्या बाया ओट्यांवर रांगेनं बसलेल्या. गडहिंग्लजकडचे गाडीवान, जे रेल्वे आल्यापासून इकडं फिरकत नव्हते, ते मिरचीची पोती घेऊन घाटाकडे निघालेले. डोंगराकडच्या गूळवाल्याला आता दोन दारं झाली होती, एक पेठेतलं आणि एक खाडीवरचं, त्यामुळे पेठेतला भावही सुधारला होता. दस्तगीर घामानं निथळत होता. मला बघून म्हणाला, "बघ अण्णा, तुमच्या कमिटीनं काम केलं की." तो मनापासून म्हणत होता. त्याला वाटत होतं, त्याचं म्हणणं अहवालातून वर पोचलं म्हणूनच बंदरावर त्या दगडांना कुणी आडकाठी केली नाही. अहवालात त्याचा एक शब्दही नव्हता. मी त्याला तसं वाटू दिलं.

मग शेटजींनी वाटेच्या तोंडाशी दोन खांब रोवून साखळी लावली. वाटेवरून जाईल त्या प्रत्येक ओझ्यामागे पट्टी, आणि ती बायकांच्या मजुरीतून कापायची. गाडीवान भांडले, तेव्हा शेटजींनी बंदराच्या अंमलदारापुढे आमच्या कमिटीच्या अहवालाची नक्कल ठेवली. संपूर्ण व्यवस्था तेथील अडत्यांकडे असून... तिथले अडते म्हणजे शेटजीच. अंमलदारानं वाचलं आणि साखळी कायम केली.

दस्तगीर माझ्या घरी आला. चपला काढून उंबऱ्याशी उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. त्याला कुणीतरी ते वाक्य वाचून दाखवलं होतं. म्हणाला, "मी काय बोललो ते तू टिपलंतास. माझ्या डोळ्यांदेखत टिपलंतास. त्यो कागद काढ आन् साहेबाला दाव." मी म्हणालो, की अहवाल मंजूर झालेला आहे, आता कारकुनानं मध्ये बोलणं बरोबर नाही, वरिष्ठांचा गैरसमज होईल. तो ऐकत राहिला. "म्हंजे कागद हाय तुझ्यापाशी."

"आहे," मी म्हणालो.

"आन् दावणार न्हाईस."

मी त्याला पुन्हा बस म्हटलं. लहानपणापासून एकांतात आम्ही एकमेकांना अरेतुरेच करायचो. चपला पायात सरकवताना तो म्हणाला, "येतो. तुमी जेवून घ्या." त्यानंतर शेवटपर्यंत त्यानं मला 'तुमी'च म्हटलं, तेही रस्त्यात गाठ पडली तर.

गाडीवान चिडले होते. दगड उपसून खाडीत लोटू, शेटजीला बसू दे चिखलात, असं ठरवून आठ-दहा गाड्या पहारी घेऊन खाली गेल्या. दस्तगीर त्यांच्याबरोबर गेला. तिथं भागी आणि इतर बायका वाटेवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. पट्टी नको, पण वाट हवी, असं त्यांचं म्हणणं. दस्तगीरनं पहारी गाडीत परत ठेवायला लावल्या. एका तरण्या गाडीवानानं विचारलं, मग आपण काय शेटजीचं घर भरायचं काय. तो म्हणाला, "आदी ह्यांच्या पायाखालचं बघू, मग शेटजीचं." आणि गाडीतले दगड नेहमीसारखे उतरवून घेतले, कारण गाळ पुढं सरकला होता आणि वाट पाण्यापर्यंत पोचत नव्हती. हे ऐकून मला त्याचा राग आला होता. शेटजीसारख्या माणसासाठी ह्यानं पुन्हा दगड वाहावेत... मला वाटतं, राग त्याचा नव्हताच. त्यानं दगड उपसले असते तर माझं वाक्यही त्यांच्याबरोबर खाडीत गेलं असतं, आणि ते त्यानं होऊ दिलं नाही.

सत्कार झाला, आणि त्याचं वर्णन छापून आलं त्याच आठवड्यात दस्तगीर तापानं गेला. सत्काराची त्याला खबर होती की नाही, मला माहीत नाही. मी इतक्या वर्षांनी तो टिपणाचा कागद बाहेर काढला, त्याची नक्कल केली, खाली स्वतःचं नाव लिहून वरिष्ठांकडे दिली. आठवड्यानं ती परत आली. प्रकरण पूर्वीच निकालात निघाले आहे, असा शेरा. शेरा लिहिणारा नवा कारकून आहे, अक्षर देखणं आहे. मला बोलावून समजही देण्यात आली. मी घाबरेन असं वाटलं होतं, पण घाबरायलाही आता उशीर झाला होता. तेव्हा हे इथं लिहितो आहे: काठापासून पाण्यापर्यंतची ती वाट, म्हणजेच तो धक्का, फोंड्याच्या घाटातून जाणाऱ्या गाडीवानांनी आणि बंदरावरच्या हमाल बायकांनी केली, दस्तगीर नालबंदाच्या सांगण्यावरून केली, आणि शेटजींनी त्यात एक खडाही टाकलेला नाही. आणि साखळी तिथं लागली ती माझ्या हातच्या वाक्यामुळे.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. त्याची बायको अमीनाबी शेणानं अंगण सारवत होती. मी सगळं सांगितलं, काय लिहिणार आहे तेही. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "लिवा की. त्ये हुतं तवा लिवलं आसतं तर त्यास्नी वाचून दावाय आलं आसतं." अंगणाच्या मधोमध जमिनीला एक उथळ खळगा पडला आहे. तेवढीच जागा तिनं सारवली नव्हती. चाळीस वर्षं बैल तिथंच पाडले, त्यांच्या कुशींनी जमीन दाबली गेली. बाप असल्यापासूनची जागा. मी त्या खळग्याकडे बघत उभा होतो, तेवढ्यात बोळात गाडी थांबली आणि एका म्हाताऱ्या गाडीवानानं आत डोकावून विचारलं, "पावणं, दस्तगीरभाई हायत का घरात? बैल लंगडतोया."

अमीनाबीनंच सांगितलं. गाडीवान डोक्यावरचा पटका काढून तसाच दारात उभा राहिला. बरेच महिने इकडं आला नव्हता, असं म्हणाला. आणि तोवर त्याचा पांढरा, शिंगं झिजलेला बैल कुणी न ओढता अंगणात शिरला, लंगडत त्या खळग्यापाशी गेला, एकदा हुंगलं आणि पुढचे पाय दुमडून आपणहून बसला. मग हळूच कुशीवर कलंडला. अमीनाबी वर्षानुवर्षं नवऱ्याच्या हाताखाली राबलेली. तिनं हात धुतले, आतून हातोडा, पाय बांधायचा दोर आणि खिळ्यांचा डबा आणला आणि बैलाच्या पायाशी बसून खूर मांडीवर घेतला. पत्री एका बाजूनं निघाली होती. गाडीवान बैलाचं डोकं धरून बसला.

"अण्णा," ती मान वर न करता म्हणाली, "दोर धरा."

मी कोट काढून खांबावर टाकला आणि दोर धरला.

"आसा न्हवं," ती म्हणाली. "घट्ट. ढिला धरला की त्यालाच लागतंय."